पिंपात उत्तम चालतं

१३ जानेवारी, सोमवार. दुपारी ४.

इंजिनाची नोंदवही आजपासून. यात फक्त इंजिनाबद्दल लिहायचं. तारीखवार, आकड्यांत, भावना वगळून.

लक्षण: थ्रॉटल पूर्ण ओढला तरी बोट उचलत नाही. आवाज भरपूर, धूर भरपूर, वेग बैलगाडीचा. सप्टेंबरात बोट पाण्यात घातली तेव्हा सहा माणसं घेऊन समुद्रातल्या तरंगत्या लाल बोयापर्यंत जाऊन यायला बारा मिनिटं लागत. काल बावीस लागली. नाताळच्या गर्दीत ठाण्याच्या एका गृहस्थांनी मला विचारलं की आपण डॉल्फिन बघायला चाललोय की डॉल्फिन आपल्याला बघायला येणार आहेत. बोटीतले सगळे हसले. मीही हसलो. आतून नाही. (हे वगळायला हवं होतं.)

आज जेटीवरच्या बोटचालक मंडळाचं पत्र आलं. ३ मार्चला आमच्या बोटीची चाचणी. सहा माणसं, बोया, परत, चौदा मिनिटांच्या आत. फॉर्मवर परवाना असलेल्या तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्याचं नाव; एका तांडेलाला एकच बोट. नापास झालो तर रांगेतला आमचा अकरा नंबर जाईल आणि प्रतीक्षायादीतल्या पहिल्या बोटीला मिळेल. जेटीवर नंबर नसेल तर पर्यटक नाहीत, आणि पर्यटक नसतील तर 'यशोदा' ही आईच्या नावाची फायबरची मोठी परात.

सात आठवडे आहेत. घाबरायचं कारण नाही. टू-स्ट्रोक इंजिनात पॉवर कमी होण्याची कारणं मोजकी असतात, आणि मी सोळा वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं आहे, तासिका तत्त्वावर का होईना. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. प्लग, पेट्रोल, कार्ब्युरेटर, कॉम्प्रेशन. उत्तर निघतंच.

धोंडूदादाने पत्र वाचलं. धोंडूदादा म्हणजे माझ्या बायकोचा, किशोरीचा थोरला भाऊ, आमचा तांडेल. सगळा जन्म वालावलच्या खाडीत गेला. तिथली स्वतःची होडी पुतण्याच्या हवाली करून आमच्या बोटीवर आला. म्हणाला, "भावोजी, इंजनाक काय एक झाला नाय. बोट वर काढूया आणि तळ बघूया."

अनुभव दांडगा, पण पद्धत नाही. डोकं दुखतंय आणि हा पायाला बाम चोळायला सांगतोय.

आज पौर्णिमा, उधाणाची भरती. वाडीतल्या बाबलीने दुपारी बोट ओढायला हाक मारली. इथली रीत अशी: ज्याची बोट त्याने स्वतः वाळूत उभं राहून ओरडायचं, ज्याला ऐकू येईल त्याने हातातलं टाकून दोराला लागायचं. दर उधाणाला कुणी ना कुणी बोट वर घेतो, खरवडतो, वाळवतो, पुन्हा पाण्यात सोडतो. मी गेलो नाही. प्लगचा पाना हातात होता. आमच्याकडून धोंडूदादा गेला, म्हणजे घराची हजेरी लागली.

१५ जानेवारी

दोन्ही प्लग काढले. काळे आणि ओले. बरं वाटलं. काळा प्लग हा पुरावा असतो. नवे घातले, बोयापर्यंत फेरी मारली. एकवीस मिनिटं. म्हणजे एक मिनिट कमावलं, साडेचार टक्के सुधारणा, या दराने मार्चपर्यंत...

किशोरीने विचारलं, "वारो मागसून होतो काय?"

होता. सुधारणा रद्द.

१९ जानेवारी, रविवार

पेट्रोल. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, पन्नास भागांना एक. धोंडूदादा हे ऑइलच्या डब्याच्या झाकणाने मोजतो. असल्याच गोष्टींतून गोंधळ होतो. मी कॉलेजच्या वेळचं मोजपात्र काढलं. किशोरी त्यात आजवर कोकमाचं आगळ मोजत होती. तीनदा धुतलं. मग धोंडूदादाला त्याच्या झाकणाने ऑइल ओतायला लावलं आणि मोजलं. पन्नासाला एक पूर्णांक शून्य दोन.

योगायोग.

दुपारी इंजिन बोटीवरून उतरवून मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपाला अडकवलं. पिंपात उत्तम चालतं. पहिल्या खेचेला सुरू. पूर्ण थ्रॉटलला शेजारच्या चार घरांतली माणसं बाहेर आली आणि पिंपातलं अर्धं पाणी जास्वंदीवर गेलं. समुद्रात नेलं की मात्र मरगळ. यावरून सिद्ध होतं की दोष लोड आल्यावरच प्रकट होतो. पिंप आणि समुद्र यांत नेमका फरक काय, यावर विचार चालू आहे.

धोंडूदादाने जास्वंद सरळ करून काठीला बांधली.

२४ जानेवारी

मालवणच्या बाजारातून दीपेश मेकॅनिकला बोलावलं. त्याने इंजिनाच्या डोक्यावर हात ठेवून दोन मिनिटं ऐकलं, ताप बघतात तसं. मग म्हणाला, "सर, इंजन घोड्यासारख्या आसा. बोट वर कधी काढलेली?" चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. ज्याला दोष सापडत नाही तो पैसे घेत नाही. निदान तेवढी सचोटी आहे.

नंतर कळलं की येताना जेटीवर त्याला धोंडूदादा भेटला होता. दोघांचं मत एक पडलं म्हणून ते दोन पुरावे होत नाहीत. एकच पुरावा दोनदा मोजल्यासारखं आहे.

कार्ब्युरेटर मीच उघडला. जेट स्वच्छ. तरी साफ केले. आता अधिक स्वच्छ.

बावीस मिनिटं.

२९ जानेवारी, बुधवार. अमावास्या.

आज तीन हाका झाल्या. दुसरी आली तेव्हा आम्ही जेवत होतो. धोंडूदादा अर्ध्या ताटावरून उठला. हात धुताना म्हणाला, "भावोजी, आज पाणी बरां चढला. उभे रवा आणि एक हाक मारा. बाकीचा मी बघतंय." मी म्हटलं, मग तूच मार की. तर म्हणतो, "माझी बोट आसा काय ती?"

मी हाक का मारत नाही, हे प्रामाणिकपणे तपासायला हवं. मी दुसऱ्यांना तपासतो तसं.

कारण एक. कुणाचे उपकार नकोत. गेल्या पावसाआधी मी ट्रॅक्टर लावून, रीतसर भाडं देऊन बोट वर घेतली. कुणाला त्रास नाही. यंदा वाळूवर ट्रॅक्टर आणायचा नाही असं वाडीने ठरवलं, त्याला मी काय करणार?

कारण दोन. दोष इंजिनात आहे. तळ बघायला जाणं म्हणजे चुकीच्या गृहीतकाला मान देणं.

कारण तीन. काय ओरडायचं ते ठरत नाही. बाबली "येवा रेऽऽ, ओढूक येवा" असं ओरडतो. माझ्या तोंडी ते नाटकातलं वाटेल. आणि 'कृपया' हा शब्द ओरडता येत नाही, मी विहिरीपाशी करून पाहिलं.

कारण चार लिहिलं होतं. खोडलं. त्याचा इंजिनाशी संबंध नव्हता.

धोंडूदादा परत आला तेव्हा भात गार झाला होता. तसाच जेवला.

३१ जानेवारी

प्रश्न मिटावा म्हणून कसालहून चार गडी आणले. विहिरी खणणारे, दंड बघून निवडलेले. तळ बघितला की धोंडूदादाचं समाधान होईल आणि मला इंजिनाकडे निवांत वळता येईल. भरती साडेबाराला.

बोट दीड हात वर आली आणि दोन हात खाली गेली. हे चारदा झालं. लाट कधी उचलते आणि कधी सोडते हे त्या चौघांना कळत नव्हतं. मला कळत होतं, पण सांगेपर्यंत लाट गेलेली असे. एक गडी वाळूत बसून म्हणाला, "साहेब, ह्येच्यापेक्षा ह्या जाग्यार हीर खणून दितंव."

बाबली आणि आणखी सहा-सात जण सावलीत जाळी शिवत बसले होते, तीस पावलांवर. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला रागावता आलं असतं. गडी गेल्यावर बाबली जवळ आला. "सर, हाक कित्याक मारूक नाय?" मी म्हटलं, तुम्ही सगळे कामात होतात. तो म्हणाला, "काम काय, तां रोजचाच आसा."

यापुढे तळाचा विषय बंद. इंजिनावर लक्ष.

६ फेब्रुवारी, गुरुवार

महत्त्वाचा शोध.

टाकीशेजारच्या डब्याला रॉकेलचा वास आहे. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं तर प्लग काळा पडतो, धूर होतो, पॉवर जाते. तिन्ही लक्षणं बसतात. टाकी कोण भरतं? धोंडूदादा.

मी कुणावर आरोप करणारा माणूस नाही. हे मी सकाळपासून स्वतःला विचारून खात्री करून घेतलं आहे. म्हणून तोंडी काहीच बोललो नाही. तोंडी बोलण्यात आवाज चढतो, शब्दाने शब्द वाढतो, घरचा माणूस दुखावतो. कागदावर तीन प्रश्न लिहिले आणि चहाच्या कपाखाली ठेवले. (१) टाकीत पेट्रोल-ऑइलखेरीज अन्य द्रव घातला जातो का? (२) असल्यास प्रमाण काय? (३) त्यामुळे उरणाऱ्या पेट्रोलचं काय होतं?

तिसरा प्रश्न केवळ पूर्णतेसाठी होता.

धोंडूदादाने चष्मा लावून कागद वाचला. दोनदा. चौकोनी घडी घालून खिशात ठेवला. म्हणाला, "काय इचारूचा तां तोंडान इचारूचा, भावोजी. मी काय परीक्षेक बसलंय?" चहा संपवला, कप विसळून पालथा घातला, टाकीची चावी खिडकीत ठेवली आणि मोटरसायकलवरून वालावलला निघून गेला.

किशोरीने सांगितलं, "त्या डब्यात दादा हाताचा ग्रीस काढता. रॉकेलान." हे तिने आधी सांगायला हवं होतं, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "तुमी इचारलात खंय?"

तरीही शक्यता पूर्ण नाहीशी होत नाही. नमुना तपासला पाहिजे.

९ फेब्रुवारी, रविवार

पेट्रोलचा नमुना काल कॉलेजात नेला. विनीता मॅडम अजून लॅब सांभाळतात. त्यांनी घनता मोजली आणि ती जशी असायला हवी तशीच आहे. रॉकेलचा थेंब नाही. मॅडमनी विचारलं, कुणावर संशय होता का? मी म्हटलं, संशय असा नाही, शास्त्रीय शंका.

निष्कर्ष: धोंडूदादा निर्दोष.

हे त्याला कळवलं पाहिजे. फोनवर बरं दिसणार नाही. समक्ष वालावलला गेलो तर तो आधी जेवायला बसवेल आणि मुद्दा राहून जाईल. पत्र लिहावं, तर कागदानेच घोटाळा केला आहे. योग्य पद्धत ठरली की त्याच दिवशी कळवायचं, हा निश्चय.

किशोरी: "दादाक फोन केलात?"

म्हटलं, करणार आहे.

१२ फेब्रुवारी. पौर्णिमा.

हाका पाच झाल्या म्हणे. मी जामसंड्याला होतो, हेडचं गास्केट आणायला.

गास्केट मालवणातही मिळतं.

१५ फेब्रुवारी

आधी कॉम्प्रेशन मोजलं. एक सिलिंडर ११८, दुसरा १२०. उत्तम. उत्तम आकड्यांचा मला आता राग येऊ लागला आहे. जे इंजिन इतके चांगले आकडे देतं ते काहीतरी लपवत असणार.

हेड उघडलं. जुनं गास्केट शाबूत होतं. काढताना फाटलं. नवं आणलं होतं म्हणून बरं. सगळं परत बांधल्यावर एक वॉशर उरला. पुन्हा उघडलं, पुन्हा बांधलं. या वेळी दोन उरले. दीपेशला बोलवावं लागलं. त्याने तासाभरात सगळं जागेवर बसवलं, नट आवळले आणि हात पुसत म्हणाला, "सर, आता ह्येका जगूक द्या."

पिंपात उत्तम चालतं.

किशोरीला म्हटलं, एकदा समुद्रात वेळ चौदाच्या आत आला की धोंडूदादाला चांगली बातमी घेऊनच फोन करतो. ती भाकरी थापत होती. परातीवर एक थाप जोरात पडली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी एकटाच बोट घेऊन निघालो. नवं गास्केट, नवे प्लग, स्वच्छ कार्ब्युरेटर, तपासलेलं पेट्रोल. जाऊन यायला चोवीस मिनिटं. सगळं नवं घातल्यावर आधीपेक्षा दोन मिनिटं जास्त. इंजिन बंद केलं, नांगर टाकला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. निघताना नांगराचा दोर बोटीखाली अडकला. पाण्यात उतरलो. दोर सोडवायला तळाखाली हात घातला.

तळ हाताला लागलाच नाही. त्या जागी दुसरंच काहीतरी होतं. शेवाळ, शेवाळावर शिंपल्या, त्यांच्या पाठीवर आणखी शिंपल्या. धारदार, जिवंत, वीतभर जाड. तळहात तीन ठिकाणी कापला.

काठीने रेटल्यासारखी हळूहळू बोट परत आणली. हाताला हळद लावून अंगणात बसलो. सोळा वर्षं मी मुलांना घर्षण शिकवलं. फळ्यावर ठोकळा, ठोकळ्याखाली खडबडीत पृष्ठभाग, बाण मागे. दर वर्षी कुणीतरी विचारायचं, सर, ठोकळा खालून घासून घेतला तर? मी म्हणायचो, फालतू प्रश्न नकोत, उदाहरण सोडव.

पिंप आणि समुद्र यांतला फरक आज कळला. पिंपात उत्तम चालतं, कारण पिंपाला कुठे जायचं नसतं.

धोंडूदादा हे केव्हा म्हणाला होता ते बघायला मागची पानं उलटली. पहिलंच पान. अक्षर माझं.

खोडलेलं कारण चार आता लिहून ठेवतो, कारण त्याचा इंजिनाशी संबंध निघाला. मी हाक मारली आणि कुणी आलंच नाही तर?

दोन वर्षांत मी एकाही बोटीच्या दोराला हात लावलेला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर आलो नसतो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. अमावास्या.

चाचणीला चार दिवस. भरती साडेबाराला.

बारा वाजून दहा मिनिटांनी वाळूत उभा राहिलो. पहिल्यांदा जो आवाज निघाला तो वर्गातला होता: "जरा इकडे येता का सगळे?" वाऱ्याने नेला. दुसऱ्यांदा एक कुत्रं उठलं आणि जागा बदलून झोपलं. मागून किशोरी म्हणाली, "अहो, हजेरी नाय घेवची. बोंब मारा."

मारली. त्यात शब्द नव्हता.

बाबली पहिला आला, जाळ्याची सुई दातात धरून. मग सावलीतले सगळे. मग घराघरांतून बायका, ओले हात पदराला पुसत. मग जेटीवरून चार जण, पर्यटकांना थांबवून. मी मोजले. एकतीस. कुणी काही विचारलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. दोन वर्षं तयार ठेवलेली माझी सगळी उत्तरं फुकट गेली.

आणि धोंडूदादा. वालावलहून तो कसा आला, त्याला कुणी सांगितलं, माहीत नाही. सरळ पाण्यात शिरून बोटीच्या नाळेला, पुढच्या टोकाला खांदा लावून उभा राहिला. लाट आली की तोच "हां" म्हणे आणि एकतीस माणसं एकदम ओढत. मालक म्हणून मी कुठे उभं राहायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी बाजूने चालत राहिलो.

सात मिनिटांत बोट वर.

बाबलीने वाकून तळ बघितला. "सर, ही बोट नाय, ह्यां कालवांचा शेत आसा. सात-बारो काढून घेवा." सगळे हसले. मीही हसलो. या वेळी आतून.

संध्याकाळपर्यंत पत्र्याच्या पात्यांनी तळ खरवडला. बादल्या चौदा निघाल्या. धोंडूदादा बोटीच्या त्या बाजूला, मी या बाजूला. बोलणार होतो, पण मधे बोट होती. आणि विचार केला तर बोलायची गरजही उरलेली नाही. तो आला, यातच सगळं आलं. राग असता तर आला असता का? आपण उगाच जुनं उकरून त्याला लाजवायचं नाही. घरी येऊन चाचणीचा फॉर्म भरला. तांडेल म्हणून त्याचं नाव, परवान्याचा नंबर. झेरॉक्स कपाटात होतीच.

किशोरीने विचारलं, "दादाशी बोललात?" म्हटलं, समजलं आमचं आम्हाला. ती म्हणाली, "त्येका काय समाजला तां माका ठावक नाय. तुमका काय समाजला?"

याचं उत्तर चाचणीनंतर सविस्तर देईन.

१ मार्च

बोट पाण्यात. अकरा मिनिटं! माणसं घेऊन!

गास्केटचाही थोडा वाटा असावा.

३ मार्च, सोमवार

सकाळी नऊला जेटीवर. सहा माणसं घेतली. बाबली मंडळाचा सेक्रेटरी, घड्याळ त्याच्याकडे. त्याने विचारलं, "तांडेल खंय?" मी म्हटलं, येईल इतक्यात. माझा फॉर्म त्याच्या हातात होता. त्याने तो वाचला. मग मला जरा बाजूला घेऊन म्हणाला, "सर, धोंडूचा नाव शिवाच्या फॉर्मार आसा. धा तारखेक दिल्यान."

शिवा म्हणजे प्रतीक्षायादीत पहिला.

दहा फेब्रुवारी. मी धोंडूदादाला नऊला निर्दोष ठरवला होता.

मी म्हटलं, अरे, पण गुरुवारी तो माझी बोट ओढायला आला होता, सगळ्यांच्या पुढे होता. बाबली म्हणाला, "हाक मारलात म्हणान इलो. हाकेक येवचाच लागता, सर. कामाक तसा नाय."

दुसऱ्या तांडेलासाठी जेटीवरून नऊ फोन केले. हंगामात परवाना असलेला माणूस मोकळा बसत नाही. माझ्या हट्टापायी चाचणी मात्र घेतली. बाबलीने स्वतः बोट चालवली. दहा मिनिटं पन्नास सेकंद. या वर्षातला सगळ्यांत कमी वेळ, असं कुणीतरी म्हणालं. टाळ्याही वाजल्या. फॉर्मवरची तांडेलाची रेघ रिकामी राहिली आणि अकरा नंबर शिवाला गेला.

धोंडूदादा शिवाच्या बोटीत मागे बसला होता. मी जवळ गेलो. पद्धत ठरली होती, तीन वाक्यं तयार होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हात बरो झालो?"

मी म्हटलं, हो.

तीनही वाक्यं घरी परत आणली. किशोरीला आधीच माहीत होतं, दादाने तिला दहा तारखेलाच सांगितलं होतं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तेच्या तोंडान तुमका कळूचा होता. तुमी एक फोन केलो असतात तर कळला असता."

८ मार्च

ठराव.
प्रतीक्षायादीत नाव घालायचं. (घातलं. चोविसावा.)
तांडेलाच्या परवान्याची माहिती काढायची.
वालावलला जायचं. या रविवारी किंवा पुढच्या.
इंजिन गंजू नये म्हणून पिंपात रोज दहा मिनिटं चालवायचं.

शेवटचं आजपासून सुरू केलं.

१४ मार्च, शुक्रवार

शिवाची हाक. अकरा नंबरची बोट. गेलो. १२.४०.

दोर कुठे धरायचा ते कळेना. दोघांनी मागेपुढे सरकून मधे जागा करून दिली. पुढे धोंडूदादाची पाठ, शर्ट घामाने चिकटलेला. मी आलोय हे त्याला कळलं असणार. वळून बघितलं नाही.

"हां" झालं की ओढत होतो. सगळा जीव लावून. तळहाताच्या जखमा नव्याने उघडल्या. बोट येत होती. वाटलं, यात माझं किती? हे मोजायची एकच रीत आहे. चार पावलांपुरते हात सैल सोडले. बोटं तेवढी दोरावर ठेवली, बघणाऱ्याला धरल्यासारखी दिसावीत म्हणून.

बोट तेवढ्याच वेगाने वर येत होती.

पुन्हा घट्ट धरला. वेग तोच.